सलालाच्या पुढची नोंद

एस.टी.त बत्तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाला दोन खोडी लागतात. कुणी ‘येतो’ म्हणालं की तो आधी घड्याळाकडं बघतो. आणि कुणी सांगितल्या वेळेला हजर झालं की त्याला आनंद होत नाही, संशय येतो. महालिंग शेटे यांना या दोन्ही खोडी होत्या आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यातली एकही सुटली नव्हती. कळंब्यातल्या घरी कुकरची तिसरी शिट्टी लांबली की ते बाहेरच्या खोलीतून ओरडत, “गाडी कुठं अडकली?” आणि आतून गंगव्वा उत्तर देई, “ड्रायव्हर च्या प्यायला थांबलाय!” असा एकंदर संसार.

आता त्यांच्या ताब्यात एकच गाडी उरली होती आणि ती पाण्यावर चालत होती.

तिचं नाव स्टेला कोरिना. मालवाहू जहाज, पोटात सोयाबीनची पेंड, कांडल्याहून भरून सुएझच्या कालव्यातून युरोपाकडं निघालेलं. वर बावीस माणसं. त्यातली थर्ड ऑफिसर म्हणजे विद्याश्री महालिंग शेटे, वय चोवीस, महालिंगरावांची एकुलती एक लेक. आठ ते बारा, सकाळी आणि रात्री, जहाज तिच्या हवाली. कोल्हापुरात स्कूटीवरून जाताना जिला आई ‘सावकाश’ म्हणून दारात उभी राहून ओरडायची, तीच पोरगी समुद्रावर तीस हजार टन हाकत होती.

ती या धंद्यात शिरली तेव्हा घरात महाभारत झालं होतं. गंगव्वाचा धाकटा भाऊ शशिधर गडहिंग्लजला किराण्याचा होलसेल व्यापारी. त्यानं आयुष्यात बघितलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली हिरण्यकेशी, पण समुद्राबद्दल मतं पक्की. “आमच्यात बायका जहाजावर गेल्याचं कुणी ऐकलंय काय, दाजी?” महालिंगराव म्हणाले होते, “आमच्यात बायका एस.टी.त कंडक्टर झाल्याचं बी कुणी ऐकलं न्हवतं. आता डेपोत बघ जा.” गंगव्वाचा जीव नको म्हणत होता. कॉलेजच्या कागदावर पालकाची सही पाहिजे होती. ती महालिंगरावांनी केली, एकट्यानं, बायको दोन दिवस बोलत नसताना.

पोरगी जहाजावर चढली आणि बापाला काम लागलं. गल्लीच्या तोंडाला शांभवीचं दुकान होतं. पुढं झेरॉक्स, मागं चार कॉम्प्युटरांचा नेट कॅफे. नवऱ्याची इचलकरंजीला नोकरी, म्हणून दुकान सगळं हिच्याच अंगावर. तिनंच एकदा त्यांना ती वेबसाइट दाखवली होती. निळ्या समुद्रावर रंगीत बाण, एकेक बाण म्हणजे एकेक जहाज. बाणावर टिचकी मारली की नाव, वेग, कुठनं कुठं निघालंय ते, आणि शेवटचा संदेश किती वाजता मिळाला ती वेळ. महालिंगराव खुर्चीवरून उठलेच नाहीत. “शांभवी, बाळ, हे तर कंट्रोल रूम हाय की!”

तेव्हापासून रोज सकाळी दहाला ते तिथं हजर. बरोबर एक लांबट रजिस्टर, त्यात डेपोच्या पद्धतीनं रकाने आखलेले. गाडीचं नाव, थांबा, पोचली, सुटली, शेरा. वेबसाइटवरची वेळ ग्रीनिचची असते म्हणून तिच्यात साडेपाच तास मिळवायचे आणि मगच लिहायचं. आठ महिन्यांत त्यांनी स्टेला कोरिनाच्या सव्वाशे नोंदी केल्या. शेऱ्याच्या रकान्यात ‘वेळेवर’ लिहिताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची, जसं काही स्टिअरिंग त्यांच्याच हातात होतं.

ही गोष्ट २००९ सालच्या नोव्हेंबरातली. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते. कांडल्याहून निघताना विद्याश्रीचा फोन आला, “अप्पा, आता फोन एकदम सुएझवरनं. मधी काही कळलं न्हाई तरी घाबरू नका.” हे असं सांगायची तिला एरवी सवय नव्हती. महालिंगरावांना कारण माहीत होतं. मध्ये एडनचं आखात लागतं, आणि त्या पट्ट्यात सोमालियाचे चाचे भरदिवसा शिड्या लावून जहाजांवर चढत होते. पेपरात रोजच येत होतं. त्यांनी घरात ते सांगितलं नाही, पेपरही दोन दिवस शांभवीच्याच दुकानात ठेवला.

सोमवारी सकाळी स्टेला कोरिना ओमानच्या सलाला बंदराबाहेरून गेली. वेळ सहा चाळीस, वेग तेरा. नोंद झाली. शेरा : वेळेवर.

आणि त्याच दिवशी दुपारी टी.व्ही.वर बातमी आली, आखातात आणखी एक मालवाहू जहाज पळवलं, त्यावर भारतीय खलाशी असल्याची शक्यता, नाव अजून कळलेलं नाही.

बातमी टी.व्ही.वर आल्यावर पेपर लपवून काय उपयोग? गंगव्वा पदरानं हात पुसत बाहेर आली आणि पडद्याकडं बघत राहिली. “आपली गाडी कुठं हाय?”

“सलालाच्या पुढं.”

“ते कुठं आलं?”

महालिंगरावांना थाप मारता येत नसे. त्यांनी सांगितलं.

मंगळवारी सकाळी बाण तिथंच. सलालाच्या थोडं पुढं, उघड्या समुद्रात. संध्याकाळीही तिथंच. महालिंगरावांनी मुंबईला, जी एजन्सी पोरांना जहाजावर पाठवते तिच्या कचेरीत फोन केला. तिकडच्या माणसानं अतिशय गोड आवाजात सांगितलं की सुरक्षेच्या कारणास्तव जहाजाचा ठावठिकाणा सांगता येत नाही. जहाज पकडलं गेलंय का, एवढं तरी? तेही सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. महालिंगरावांना स्वतःचा राग आला, कारण चौकशीच्या खिडकीवर बसून लोकांना असंच उत्तर त्यांनीही कधीतरी दिलं होतं.

तोवर शशिधर गडहिंग्लजहून आला. आला तो थेट नेट कॅफेत. स्क्रीनजवळ तोंड नेऊन बोट ठेवलं. “काल सकाळी हितं. आज सकाळी हितं. आत्ता बी हितंच. दाजी, जहाज काय समुद्रात पंक्चर काढायला थांबतंय व्हय? धरलंय त्यांनी. नांगर टाकून बसवलंय.”

शांभवीलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर महालिंगरावांनाही.

शशिधरनं हे घरी जाऊन सांगितलं आणि घराचा रंगच बदलला. शेजारपाजार येऊन चटईवर बसू लागला. कुणी मोठ्यानं बोलेना, कुणी चहा घेईना. जिवंत पोरीच्या घरी माणसं अशी बसलेली बघून महालिंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हाकलणार कुणाला? गंगव्वानं सकाळी लिंगपूजा केली होती, त्यानंतर तोंडात अन्नाचा कण घातला नव्हता. नवऱ्याकडं न बघता, सगळ्यांसमोर, ती एवढंच म्हणाली,

“सही कुणी केलती?”

महालिंगरावांनी चपला घातल्या आणि रजिस्टर घेऊन पुन्हा कॅफेत जाऊन बसले. रडावंसं वाटत होतं, पण शांभवीसमोर कसं रडणार? म्हणून त्यांनी बाणावर टिचकी मारली. पुन्हा मारली. आणि तिसऱ्यांदा मारताना त्यांचं लक्ष, इतका वेळ सरळ दिसत असूनही न वाचलेल्या, खालच्या ओळीकडं गेलं. शेवटचा संदेश : सोमवार. ग्रीनिचची पहाट, म्हणजे आपली सहा चाळीस.

“अरे, गाढवा!” ते स्वतःलाच म्हणाले. शांभवी दचकली.

झालं होतं असं. १९७५ साली महालिंगराव गगनबावड्याच्या स्टँडवर नवे कंट्रोलर. भर पावसात वैभववाडीकडं जाणारी एक गाडी त्यांनी सव्वादहाला सोडली, रजिस्टरला नोंद केली. दोन तास झाले तरी गाडी वैभववाडीला पोचेना. महालिंगरावांनी निष्कर्ष काढला की गाडी घाटात बंद पडली. ब्रेकडाऊन व्हॅन मागवली, पोलिसांना कळवलं, दोऱ्या घेऊन वीस माणसं करूळच्या घाटात उतरवली. आणि गाडी? घाटात दरड पडलेली बघून ड्रायव्हरनं ती वळवली होती, भुईबावड्याच्या घाटानं खारेपाटणला नेली होती, आणि सगळे पॅसेंजर तिथं गरम भात जेवत होते. त्या ड्रायव्हरचं नाव पिराजी. साहेबांनी महालिंगरावांना कचेरीत बोलावून जे वाक्य ऐकवलं ते त्यांनी पुढं तीस वर्षं प्रत्येक नव्या कंट्रोलरला ऐकवलं : नोंद म्हणजे गाडी नव्हे.

आणि आज स्वतःच तीच चूक करून बसले होते! बाण म्हणजे जहाज नव्हतं, बाण म्हणजे नोंद होती. किनाऱ्यावर जिथं कुणी यंत्र लावून बसलंय तिथंच जहाजाचा संदेश पकडला जातो. पुढं मोकळा समुद्र लागला की ऐकायला कोण? सलालाला कंट्रोलर आहे, मग थेट आखाताच्या दुसऱ्या टोकाला, जिबूतीला आहे. मधला सगळा घाट. घाटात नोंद होत नाही, पण म्हणून काय घाटात गाडी थांबलेली असते?

त्यांनी शांभवीकडून दोरा मागितला. शाळेतला जुना नकाशा काढून सलालापासून जिबूतीपर्यंत दोरा लावला, तो पट्टीवर मोजला. अदमासे सातशे सागरी मैल. तेराचा वेग. चोपन्न तास.

घरी येऊन त्यांनी चटईवरच्या मंडळींना जाहीर केलं, “गाडी बुधवारी दुपारी बारा चाळीसला जिबूतीवर दिसंल. चला, उठा आता. घरला जावा.”

मंडळी उठली नाहीत, पण चहा मात्र घेतला.

बुधवारी बारा चाळीस झाले. एक झाला, तीन झाले. स्टेला कोरिनाचा बाण सलालापाशीच. साडेतीनला महालिंगराव घरी आले तेव्हा त्यांचं पाऊल ओळखूनच गंगव्वा आत निघून गेली आणि तिनं कडी लावून घेतली. शशिधरनं ठरवून टाकलं. “उद्या जीप सांगितलीया. मुंबईला त्या हापिसासमोर जाऊन बसायचं. अक्का बी येणार. तुम्ही बाणाची पूजा करत बसा.”

महालिंगरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना भीती वाटली. हिशेब बरोबर होता, गाडी नव्हती. मग पकडलेलं ते जहाज आपलंच असलं तर? चोवीस वर्षांची पोरगी. सही आपली.

पिराजी त्यांना कॅफेच्या पायरीवर बसलेला सापडला. निवृत्त झाल्यापासून तो उचगावला मुलाकडं राहायचा. बातमी कळल्यावर सायकल मारत आला होता. तो सांत्वनाचं काही बोलला नाही. ड्रायव्हर माणूस, त्यानं आधी रजिस्टर मागितलं.

रजिस्टरमध्ये एक गोष्ट होती जी महालिंगरावांनी सवयीनं लिहिली होती आणि लिहून विसरले होते. घाटात गाडी हरवली की कंट्रोलर त्याच रस्त्यानं गेलेल्या दुसऱ्या गाड्यांकडं चौकशी करतो. त्याच नियमानं त्यांनी शनिवारपासून स्टेलाच्या मागंपुढं असलेल्या जहाजांच्या वेळाही टिपून ठेवल्या होत्या, सलालाला कधी, जिबूतीला कधी.

पिराजी बोट फिरवत वाचू लागला आणि मध्येच थांबला. “कंट्रोलर, ही तीन जहाजं बघा. सलालावरनं एक रविवारी पहाटं चारला गेलंय, दुसरं नऊला, तिसरं बाराला. व्हय?”

“व्हय.”

“मग तिन्ही जिबूतीला आज एकाच टायमाला कशी काय पोचली? एक दहा, एक अठरा, एक पस्तीस. एकामागं एक.”

महालिंगरावांनी रजिस्टर ओढून घेतलं. वरची ओळ बघितली. मंगळवारी चार जहाजं, सलालाहून वेगवेगळ्या वेळी गेलेली, जिबूतीला दुपारी एक ते दीडच्या दरम्यान. सगळी ओळीनं.

“आपण एकोणऐंशी साली त्या लुटारूंच्या घाटात गाड्या घालत होतो, आठवतंय का?” पिराजी म्हणाला. “घाटाच्या पायथ्याला पोलीस थांबवायचे. दहाबारा गाड्या गोळा झाल्या की पुढं एक जीप, मागं एक जीप, आन् मधी आपण सगळी. आन् गाडी कुणाच्या वेगानं? सगळ्यात खटारा जो ट्रक असंल त्येच्या. माझी नवी कोरी गाडी, दुसऱ्या गिअरमधी रडत चालायची.”

महालिंगराव उठून उभे राहिले. त्यांना एकदम सगळं दिसलं, वेबसाइटवर नव्हे, डोळ्यांसमोर. आखाताच्या तोंडाशी थांबलेली जहाजं, पुढं नौदलाचं जहाज, मागं रांग. रोज एक खेप. रविवारी दुपारपर्यंत सलाला ओलांडलेली जहाजं रविवारच्या खेपेत गेली, ती बुधवारी एक वाजता बाहेर पडली. स्टेला कोरिना सलालाला पोचली सोमवारी सकाळी. म्हणजे तिची ती खेप चुकली. म्हणजे ती थांबली, सोमवारच्या खेपेत लागली. म्हणजे,

“उद्या,” ते म्हणाले. “गुरुवारी. एक ते दीड.”

“लागली पैज?” पिराजीनं विचारलं.

“पोरीवर पैज लावत न्हाईत, पिराजी.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “पण दीड म्हंजे दीड.”

गुरुवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. महालिंगराव जीपच्या आडवे झाले. शशिधरला आजवर त्यांनी कधी हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. “दीड वाजेपर्यंत थांब. दीडला न्हाई दिसली तर मी बी येतो, तुझ्या म्हागं बसून.” शशिधर काही दगड नव्हता, भाची त्याच्याही अंगाखांद्यावर खेळली होती. त्यानं ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

साडेबारालाच कॅफे भरला. आणि पाऊण वाजता, जी बाई आठ महिन्यांत एकदाही त्या दुकानाची पायरी चढली नव्हती, ती गंगव्वा आली. शांभवीनं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली, तिच्यावर ती बसली, गळ्यातलं इष्टलिंगाचं शिवदारं घट्ट धरून. महालिंगरावांनी तिच्याकडं बघितलं नाही.

एकला पाच कमी असताना दिवे गेले. भारनियमन! महावितरणला मुहूर्त बरा सापडतो. तीन कॉम्प्युटर बंद पडले, चौथा इन्व्हर्टरवर चालत राहिला. “काका, जास्तीत जास्त तासभर,” शांभवी म्हणाली. “पुरं हाय,” महालिंगराव म्हणाले, “तास कुणाला लागतोय?” आणि पाणी मागितलं.

एक. पान नव्यानं उघडलं. काही नाही. एक दहा. काही नाही. एक बावीसला जिबूतीच्या उजवीकडं एक हिरवा बाण उगवला. सगळे पुढं झुकले. शांभवीनं टिचकी मारली. दुसरंच कुठलंतरी जहाज, रविवारी संध्याकाळी सलालावरून गेलेलं. महालिंगरावांच्या यादीत होतं.

“खेप आली,” पिराजी हळूच म्हणाला.

एक सव्वीस, दुसरा बाण. तोही यादीतला. एक तीस, तिसरा. एक चौतीसला चौथा. चारही ओळीनं, एकामागं एक, अगदी रजिस्टरमधल्या क्रमानं. आणि मग काही नाही. समुद्र निळाच्या निळा.

एक सदतीस झाले. दीड कधीच होऊन गेला होता. शशिधर उठला, रडवेल्या आवाजात म्हणाला, “दाजी, चला आता.” पिराजी खाली मान घालून बसला. शांभवीनं डोळे पुसले. महालिंगराव स्क्रीनसमोरून हलले नाहीत. त्यांनी बत्तीस वर्षांत शेकडो गाड्यांची वाट बघितली होती, पण अशी नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की रांगेत शेवटची गाडी नेहमीच थोडी मागं पडते. पण ते खरंच आहे, का आपण फक्त तसं धरून बसलोय, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

“आणखी एकदा,” ते म्हणाले. “पान उघड.”

शांभवीनं उघडलं. नकाशा तुकड्यातुकड्यानं भरत गेला. आधी आफ्रिकेचा किनारा, मग पाणी, मग चार बाण. आणि त्यांच्या मागं, थोड्या अंतरावर, पाचवा.

तिनं टिचकी मारली आणि वाचायच्या आधीच किंचाळली.

स्टेला कोरिना. वेग बारा. वेळ एक एक्केचाळीस.

पुढं काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे, कारण सगळे एकदम ओरडत होते. पिराजीनं सायकलची घंटा बडवायला सुरुवात केली. शशिधर, तोच शशिधर, जहाज समुद्रात पंक्चर काढतंय काय विचारणारा, महालिंगरावांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडला आणि मग रस्त्यावर जाऊन जीपचा हॉर्न दोन मिनिटं दाबून धरला. चटईवर मुकाट बसलेली मंडळी धावत आली आणि तीच आता सांगू लागली की आम्हाला आधीपासून खात्री होती. कुणीतरी दुकानातनं पेढे आणले. महालिंगरावांनी पेन उघडलं. रकान्यात वेळ लिहिली. शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांना अक्षर दिसेना, म्हणून तो तसाच ठेवला.

गंगव्वा खुर्चीवरून उठली. गर्दीनं वाट दिली. ती स्क्रीनजवळ आली, बाणाकडं बघत राहिली.

“हिचं तोंड कुणीकडं हाय?”

“पुढं,” महालिंगराव म्हणाले. “वर. सुएझकडं.”

“चाललीया?”

“चाललीया.”

“खोटं न्हवं?”

महालिंगरावांनी मान हलवली. गंगव्वानं बाणावर हात ठेवला, सगळा पंजा, पोरीच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, “घरला चला. तुम्ही बी काय खाल्लं न्हाईसा.”

भात, आमटी आणि खर्डा. दोघांनी ताटाला ताट लावून जेवण केलं. पिराजी तिसऱ्यांदा भात घेत होता आणि शशिधर त्याला १९७५ सालची खारेपाटणची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावत होता. घर पुन्हा घरासारखं वाजत होतं.

चारच्या सुमाराला फोन खणखणला. मुंबईची एजन्सी. तोच गोड आवाज. “शेटेसाहेब, आपल्याला एक आनंदाची बातमी द्यायची आहे. स्टेला कोरिना धोक्याच्या पट्ट्यातून सुखरूप...”

“ठाऊक हाय,” महालिंगराव म्हणाले. “एक एक्केचाळीसला जिबूतीवरनं गेली. खेपेत पाच होती, आमची शेवटची.”

पलीकडचा गोड आवाज अडखळला.

“आपल्याला... कुणी कळवलं?”

“कळवायचंय कुणी? गाडी सुटल्याली वेळ म्हाईत असली की पोचायची काढता येती. आता सुएझ. सोमवारी दुपारी दोनला. लिहून घ्या.”

कागद चाळल्याचा आवाज आला. “एक मिनिट हं. आमच्याकडे... हो. सोमवार, चौदा वाजता.” त्या माणसाच्या आवाजातला गोडवा गेला आणि पहिल्यांदाच तो माणसासारखा बोलला. “साहेब, तीन दिवस फोन थांबत नाहीत हो. बावीस घरं आहेत. कुणाची आई रडते, कुणाचा बाप शिव्या देतो. वरून बोलायची परवानगी नाही. काय सांगायचं लोकांना?”

गंगव्वा शेजारीच रिसीव्हरला कान लावून उभी होती. तिनं महालिंगरावांच्या हातातून तो काढून घेतला. असा फोन तिनं आयुष्यात घेतला नव्हता. तोंड अगदी जवळ नेऊन, तिकडं मुंबईपर्यंत थेट ऐकू जावं अशा आवाजात ती बोलली,

“ओ पावणं! एकवीस घरांस्नी आमचा नंबर द्या. म्हणावं कळंब्याला लावा. हितं आमचा कंट्रोलर बसलाय.”